तलावाच्या पाळीवरून : सहकुटुंब पदभ्रमणाचा सोपा मार्ग

पदभ्रमण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे सह्याद्री उभा राहतो. गडाची खडी चढण, पाठीवर ओझे आणि पुढे धावणारी तरुणांची टोळी असे ते चित्र असते. सात-आठ वर्षांचे मूल, साठी ओलांडलेली आजी आणि आठवडाभर घरकामात गुंतलेली गृहिणी यांना त्या चित्रात सहसा जागा नसते. वास्तविक सगळ्या घराने मिळून पायी हिंडावे असा भूप्रदेश महाराष्ट्रात आहे व तो राज्याच्या अगदी पूर्व टोकाला, वैनगंगेच्या खोऱ्यात आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत, तसेच नागपूर जिल्ह्याच्या काही भागात, गावागणिक एक तरी तलाव आढळतो. काही गावांत तर दोन-तीन मोठे तलाव आणि त्यांशिवाय शेतकऱ्यांच्या खाजगी बोड्या असतात. तलावाला पाळ असते, पाळीवर झाडांची सावली असते, एका हाताला पाणी आणि दुसऱ्या हाताला धानाच्या बांध्या असतात. पाण्यापलीकडे जंगलाची निळसर कड दिसते, आणि गाव हाकेच्या अंतरावर असते. लहानांच्या पायांना झेपेल आणि मोठ्यांच्या मनाला पुरेल अशी याहून चांगली वाट शोधून सापडणे कठीण.

या वाटेचा उपयोग मात्र आज फारसा कोणी करीत नाही. शाळेची सहल निघते ती दूरच्या प्रेक्षणीय स्थळी, बसभाडे भरून. गावाचा तलाव मुलांच्या पायाखालून जात नाही. त्याचा सांडवा कोणत्या अंगाला आहे, त्यात पाणी कोठून येते, पाळीवरील झाडे कोणती, हे सांगू शकणारी पिढी आता वृद्ध झाली आहे. ती गेली म्हणजे तलावाचे शहाणपणही तिच्याबरोबर जाईल. म्हणूनच तलावाभोवतीचे सहकुटुंब भ्रमण हा विषय केवळ करमणुकीचा राहत नाही, आणि या लेखात त्याचा विचार प्रामुख्याने गावकारभाराच्या दृष्टीने केला आहे.

कोहळ्यांची किमया

हे तलाव निसर्गनिर्मित नाहीत. चांद्याच्या गोंड राजांच्या आश्रयाने, आणि पुढे भोसल्यांच्या काळातही, कोहळी समाजातील कुशल कारागिरांनी ते बांधले. जो तलाव बांधील त्याला त्याखाली भिजणारी जमीन मिळावी, अशा स्वरूपाचे उत्तेजन गोंड राजांनी दिल्याचे सांगतात. कोहळी हा उसाची व धानाची शेती करणारा समाज. त्यांच्याजवळ दुर्बिणी नव्हत्या की नकाशे नव्हते. परंतु पावसाचे पाणी उतारावरून कसे वाहते, कोणत्या दोन टेकड्यांमधील फट बुजविली असता थोड्या मातीत पुष्कळ पाणी अडेल, आणि जास्तीचे पाणी कोणत्या अंगाने सोडले असता पाळीला धक्का लागणार नाही, याचे त्यांचे गणित अचूक होते. एका तलावाच्या सांडव्याचे पाणी खालच्या तलावात, त्याचे आणखी खालच्या बोडीत, अशा साखळ्याच्या साखळ्या त्यांनी गुंफल्या. वरचा तलाव भरल्याची खबर खालच्या गावाला पाणीच देत असे.

या कौशल्याचा सर्वांत मोठा नमुना म्हणजे गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातील नवेगावबांध. अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला असे परंपरा सांगते. हेच कोलू पाटील पुढे कोलासुर देव म्हणून पूजिले जाऊ लागले. तलाव बांधणारा माणूस देव व्हावा, ही गोष्ट त्या प्रदेशात पाण्याला काय मोल होते ते सांगून जाते. भोवतालच्या टेकड्यांमधील खिंडी मातीच्या पाळींनी बुजवून सुमारे अकरा चौरस किलोमीटरचा हा जलाशय निर्माण झाला. या टेकड्यांना सातबहिणींचे डोंगर असे नाव आहे. ज्येष्ठ वनाधिकारी व लेखक मारुती चितमपल्ली यांनी आपल्या सेवाकाळातील अनेक वर्षे येथे घालविली, आणि ‘नवेगावबांधचे दिवस’ या पुस्तकाने हे नाव मराठी वाचकांच्या घरोघरी पोहोचविले. चितमपल्ली यांचे २०२५ मध्ये निधन झाले.

ब्रिटिश अमदानीत हे तलाव मालगुजारांच्या मालकीचे झाले, आणि त्यावरून त्यांना मालगुजारी तलाव हे नाव पडले. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी मालगुजार गावकऱ्यांकडून पाळीवर माती चढवून घेई, मोरी दुरुस्त करवी, सांडवा मोकळा ठेवी. त्यात सक्ती होती, वेठही होती, हे विसरता कामा नये. परंतु काम होत असे. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली व १९५१ मध्ये तलाव शासनाकडे आले. पुढे मोठे तलाव पाटबंधारे खात्याकडे व लहान तलाव बहुतांशी जिल्हा परिषदांकडे सोपविण्यात आले. अशा माजी मालगुजारी तलावांची संख्या साडेसहा हजारांहून अधिक आहे. एवढ्या तलावांच्या पाळींवर दरवर्षी एकदा तरी पायी फिरून येणे कोणत्याही खात्याच्या कर्मचाऱ्यांना शक्य होणारे नाही. ते काम गावाचेच होते आणि गावालाच करता येण्याजोगे आहे.

चालताना काय पाहावे

साधारण गावतलावाची पाळ अर्धा ते एक किलोमीटर लांब असते, आणि संपूर्ण फेरी तीन-चार किलोमीटरांत आटोपते. मोठा माणूस तासाभरात संपवील अशी ही वाट लहान मुले बरोबर असता दोन तास घेते, आणि घेऊ द्यावी. मुलांना वेगाने चालविण्यात काही अर्थ नाही. दर पंधरा-वीस मिनिटांनी थांबावे, पाणी प्यावे, आणि थांबण्याच्या प्रत्येक जागी दाखविण्यासारखे काही असावे, एवढे पथ्य पाळले म्हणजे सहा वर्षांचे मूलही ‘थकलो’ म्हणत नाही.

फेरी पाळीवरून सुरू करावी. पाळीच्या मध्याजवळ बहुधा एखादे देवस्थान असते, तेथून दोन्ही अंगे दिसतात. एका अंगाला पाणी व दुसऱ्या अंगाला त्या पाण्यावर जगणारे गाव, असा धडा कोणत्याही पुस्तकात इतक्या स्पष्टपणे मांडलेला नाही. पुढे मोरी लागते. पाणी येथून पाटात उतरते. धानाला शेवटचे पाणी द्यावयाच्या दिवसांत येथे उभे राहिले तर ‘पाणीवाटप’ या शब्दामागचे भांडण आणि समजूत, दोन्ही मुलांना प्रत्यक्ष ऐकावयास मिळतात. पाळीच्या टोकाला सांडवा असतो. येथे शिक्षकांनी मुलांना एक प्रश्न अवश्य विचारावा. सांडवा पाळीपेक्षा खाली का ठेवला आहे? चौथीतील मूल थोड्या विचाराने उत्तर देते. आणि ज्या मुलाने ते उत्तर एकदा स्वतः शोधले, ते मोठेपणी चार पोती मासळी जास्त मिळावी म्हणून सांडव्यावर माती टाकून त्याची उंची वाढविणाऱ्यांना हटकल्याशिवाय राहणार नाही. पाळी फुटण्याची कारणे शोधू गेल्यास त्यांत हा प्रकार अनेकदा सापडतो.

सांडवा ओलांडला की वाट पाणलोटाच्या बाजूला वळते व फेरीचा सर्वांत रम्य भाग सुरू होतो. येथे तलावाला काठ असा नसतोच. जमीन हळूहळू पाण्यात उतरत जाते. या उथळ पट्ट्यात कमळ, कुमुद, शिंगाडा आणि देवधान वाढते. देवधान हे रानातले भात. ते दाखवून, माणसाने लावलेल्या धानाशी त्याचे नाते काय, असे विचारले म्हणजे शेतीचा इतिहास सांगावयास आपोआप तोंड फुटते. कमळाच्या पानांवरून लांब बोटांनी चालणारा कमळपक्षी, बुडी मारून भलत्याच ठिकाणी वर येणारी टिबुकली, जांभळी पाणकोंबडी, अडई यांना पाहण्यासाठी दुर्बीण लागत नाही. शांत बसण्याची सवय मात्र लागते. हिवाळ्यात हिमालयापलीकडून चक्रवाक, तलवार बदके व इतर पाहुणे येतात. मासे याच उथळ पाण्यात अंडी घालतात. ढिवर बांधवांची जाळी व डोंगे येथेच असतात. त्यांच्यापैकी एखाद्या जाणत्यास बरोबर घेतले, तर पुस्तकात न मिळणारी माशांची व पाणवनस्पतींची नावे कळतात. त्यांच्या वेळेचा योग्य मोबदला द्यावा, आणि जाळ्यांना मुलांनी हात लावू नये, हे ओघानेच आले.

परतीची वाट बांध्यांच्या धुऱ्यांवरून काढावी. धान उभे असता शेतमालकाला आधी सांगावे. कापणीनंतर तो प्रश्न उरत नाही.

जंगल आणि सावधगिरी

या प्रदेशातील जंगल हे शोभेचे जंगल नव्हे. नागझिरा १९७० मध्ये अभयारण्य व नवेगाव १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले. डिसेंबर २०१३ मध्ये ही वने आणि कोका अभयारण्य मिळून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आला. मे २०२३ मध्ये ब्रह्मपुरीच्या जंगलातून दोन वाघिणी येथे आणून सोडण्यात आल्या. अभयारण्यात परवान्याविना प्रवेश हा वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये गुन्हा आहे. तेथे वनखात्याने आखून दिलेल्या मार्गाने, ठरवून दिलेल्या वाहनातून व मार्गदर्शकासह जावे. कुटुंबाने पायी हिंडण्याची जागा ती नव्हे. पायी हिंडावे ते गावतलावाच्या पाळीवर व शिवारात.

परंतु वाघ सीमा ओळखत नाही. म्हणून ज्या गावांच्या शिवाराला जंगल लागून आहे तेथे फेरीपूर्वी वनरक्षकाशी बोलणे आवश्यक आहे. अलीकडे वावर आढळला असेल, तर पाणलोटाकडील भाग वगळून केवळ पाळीवरून परत यावे. पहाटे व सायंकाळी जंगलाच्या कडेला जाऊ नये. मोहफुलांच्या व तेंदूपानांच्या हंगामात, म्हणजे मार्च ते मे या काळात, पहाटेच्या अंधुक प्रकाशात वाकून वेचणाऱ्या माणसांवर हल्ले झाल्याच्या घटना या पट्ट्यात घडल्या आहेत. सहलीसाठी सूर्य वर आल्यानंतरची वेळ निवडावी, सर्वांनी एकत्र चालावे, मूल मागे रेंगाळत असेल तर सर्वांत शेवटी एक मोठा माणूस असावा. पाळीवरील उंच झाडांना आग्या मोहोळे असतात. त्यांच्याखाली चूल पेटवू नये, दगड मारू नये. पावसाळ्यात वीज चमकू लागताच पाळ सोडून पक्क्या घराचा आसरा घ्यावा, कारण मोकळ्या पाण्याशेजारी उंच पाळीवरील झाडाखाली उभे राहणे म्हणजे विजेला निमंत्रणच.

याहूनही मोठा धोका वाघाचा नाही, सापाचाही नाही. तो पाण्याचा आहे, आणि त्यात आपण अलीकडे स्वतःच्या हाताने भर घातली आहे. कोहळ्यांनी बांधलेला तलाव बशीसारखा असतो. मूल काठावरून आत गेले तर पाणी घोट्यापासून गुडघ्यापर्यंत हळूहळू चढते व त्याला मागे फिरण्यास अवधी मिळतो. तलावातील गाळ काढणे हे आवश्यक व उपयुक्त काम आहे. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ या २०१७ पासूनच्या योजनेने, तसेच २०२२ मध्ये सुरू झालेल्या अमृत सरोवर अभियानाने त्याला चालना मिळाली. पण यंत्राने काम करताना जेथे माती चांगली, तेथेच खोल खणावयाचे, असे झाले म्हणजे बशीच्या काठालगत उभ्या कडांचे खड्डे पडतात. पाणी भरल्यावर ते वरून दिसत नाहीत. गुडघाभर पाण्यातील मुलाचे पुढचे पाऊल थेट पुरुषभर पाण्यात पडते. शिवाय वर वर्णिलेली देवधानाची व कमळाची उथळ पट्टीही अशा खोदाईत नाहीशी होते, आणि तिच्याबरोबर मासे व पक्षी जातात. कामाच्या अंदाजपत्रकात खोलीची मर्यादा व उतार नोंदविलेला असतो. तो प्रत्यक्षात पाळला जात आहे काय, हे काम चालू असतानाच पाहणे सरपंच व सदस्यांच्या हाती आहे. पाणी भरल्यानंतर ते पाहता येत नाही. ज्या तलावात असे खड्डे आधीच पडले आहेत तेथे उन्हाळ्यात जागा हेरून बांबू रोवावेत, आणि सहलीत मुलांना पाण्यात उतरू देऊ नये. पोहणे येणारा मोठा माणूस व एक लांब दोर प्रत्येक फेरीत बरोबर असावाच.

ग्रामपंचायतीने काय करावे

फार काही करावयाचे नाही, आणि जे करावयाचे नाही तेच आधी सांगितले पाहिजे. पाळीवर सिमेंटची फरसबंदी घालू नये, रंगीत दिवे लावू नयेत, पक्षी बसतात त्या पाण्यात यांत्रिक नौका आणू नयेत. ‘सुशोभीकरण’ या शब्दाखाली झालेली कामे पाहिली म्हणजे तलाव आधीच सुशोभित होता, असेच अनेकदा म्हणावेसे वाटते. पाळीवरील वाट ही माणसांच्या चालण्याने दाबून घट्ट होते. तिला तेच पुरते.

पहिले काम कागदाचे आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील कलम १६१ अन्वये निस्तारपत्रक व कलम १६५ अन्वये वाजिब-उल-अर्ज ही दप्तरे विदर्भातील गावांसाठी तयार झालेली आहेत. गावकऱ्यांचे पाण्याचे, मासेमारीचे, गुरांच्या व माणसांच्या वाटेचे परंपरागत हक्क त्यांत नोंदविलेले असतात. तलाठी कार्यालयातून त्यांची प्रत मिळवावी आणि ग्रामसभेत मोठ्याने वाचावी. तलावाभोवतीची वाट अतिक्रमणाने बुजली असेल, तर ती मोकळी करून मागण्याचा आधार बहुधा येथेच सापडतो. बुडीत क्षेत्रात पाणी ओसरल्यावर गाळपेर करण्याची चाल जुनी आहे व तिला हरकत नाही. परंतु गाळपेरीचे शेत पाणी शिरू नये म्हणून बांध घालून कायमचे वेगळे केले जाते तेव्हा तलाव तितका लहान होतो. वर्षातून दोनदा शाळकरी मुले व त्यांचे पालक त्या वाटेने फिरत असतील, तर असा बांध पहिल्याच वर्षी सर्वांच्या नजरेस येतो. दहा वर्षांनी तो दिसला तर प्रकरण न्यायालयात जाते.

दुसरे काम बेशरमाचे. या झुडपाने तलावांचे काठ व्यापले आहेत. गुरे त्याला तोंड लावीत नाहीत आणि तोडले तरी तुकड्यापासून ते पुन्हा फुटते. मुळासकट उपटून, काठापासून दूर नेऊन वाळविणे हाच उपाय. अर्जुनी मोरगाव तालुक्यात ढिवर समाजातील स्त्रियांनी पुढाकार घेऊन तलावांतील बेशरम काढले, माशांना उपयोगी पाणवनस्पती पुन्हा लावल्या व त्यामुळे मासळीत फरक पडला, हा अनुभव इतर गावांनी जाऊन पाहण्यासारखा आहे. रोजगार हमीतून हे काम घेता येते किंवा कसे, याविषयी गटविकास अधिकाऱ्यांचा सल्ला घ्यावा.

गावाच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीने लोकजैवविविधता नोंदवही ठेवावयाची असते. ती पुष्कळ ठिकाणी एकदा भरून कपाटात ठेवली जाते. तलावाच्या प्रत्येक फेरीनंतर मुलांनी पाहिलेले पक्षी, फुललेली वनस्पती व पाण्याची पातळी तारखेसह त्यात नोंदविली, तर चार-पाच वर्षांत तिचे मोल कोणाच्याही ध्यानी येईल. सुट्टीच्या दिवशी घरच्या मंडळींसह हे करावयाचे असल्याने शिक्षकांवर अध्यापनाव्यतिरिक्त आणखी एक काम लादले, असे होऊ नये. शिक्षकाने एखादा मार्ग एकदा आखून द्यावा. पुढे आजी-आजोबाच चांगले मार्गदर्शक ठरतात. पाळीवरचे कोणते झाड कोणी लावले हे त्यांनाच ठाऊक असते.

ज्यांना गावाबाहेर पडून एक-दोन दिवस घालवावयाचे आहेत त्यांना नवेगावबांधखेरीज तिरोडा तालुक्यातील बोदलकसा व चोरखमारा हे जलाशय जंगलाच्या कुशीत आहेत. हे दोन्ही कोहळ्यांचे नव्हेत, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सरकारी पाटबंधाऱ्यांसाठी बांधलेले आहेत. अर्जुनी मोरगाव तालुक्यातच गाढवी नदीवरील इटियाडोह धरण आहे. त्या परिसरात १९७२ मध्ये वसविलेली नोर्ग्येलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत लागते. वैनगंगेच्या खोऱ्यात प्रार्थनेच्या पताका फडकताना पाहून मुलांना भूगोलाचा नकाशा एकदम उघडून बसावेसे वाटते.

फेरीसाठी दिवाळीनंतरचा काळ, म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सर्वांत उत्तम. तलाव भरलेले असतात, हवा आल्हाददायक असते, पाहुणे पक्षी आलेले असतात. एप्रिल-मेमध्ये या भागाचे तापमान ४५ अंशांपर्यंत जाते व लहान मुलांना बाहेर काढणे योग्य नाही. पावसाळ्यातील पाळ निसरडी असते, पण त्या दिवसांत फेरी टाळण्याचे आणखी एक कारण आहे. माणसाच्या उंचीचा सारस हा पक्षी महाराष्ट्रात आता प्रामुख्याने गोंदिया जिल्ह्यात व लगतच्या भागातच उरला आहे, तोही मोजक्या संख्येने. त्याची जोडी जुलै-ऑगस्टमध्ये पाण्याने भरलेल्या धानाच्या बांधीत गवताचे घरटे रचून एक किंवा दोन अंडी घालते. माणसांची वर्दळ वाढली तर ती घरटे सोडून जाण्याची भीती असते. त्या काळात बांध्यांच्या धुऱ्यावरून जाऊ नये. घरटे कोठे आहे हे शेतमालकाला ठाऊक असते. पिले मोठी होऊन आईबापांबरोबर कापलेल्या बांध्यांत दाणे टिपू लागली, की पाळीवरून, दोनशे पावलांच्या अंतरावरून, ती मुलांना दाखवावीत.